रशियन लोककथांवरच्या कादंबरीचा दुसरा भाग: नायिका गाव सोडून मॉस्कोला निघते तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चौदाव्या शतकातल्या रशियावर, म्हणजे तेव्हाच्या ‘रूस’वर, तुम्ही मराठीत अद्भुत-ऐतिहासिक कादंबरी लिहिलीत. पहिल्या भागात उत्तरेच्या जंगलातलं गाव आहे, घरातला दोमोवोय आहे, रानातला लेशी आहे आणि या सगळ्यांना पाहू शकणारी मुलगी आहे. शेवटी ती गाव सोडते. दुसऱ्या भागात तुम्हाला तिला मॉस्कोला न्यायचंय, तातारांविरुद्धच्या 1380 च्या कुलिकोवोच्या लढाईआधीच्या वर्षांत. गावातली ही अदृश्य मंडळी शहरात कशी आणायची, खरा इतिहास किती घ्यायचा, मुलीला पुरुषवेशात फिरवलं तर पटेल का, आणि ‘दुसरा भाग आणखी भव्य हवा’ या प्रकाशकांच्या सूचनेचं काय करायचं, हे तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं रशियन शिकवते आहे आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांची हस्तलिखितं तपासते. सुरुवात प्रकाशकांच्या सूचनेपासूनच करते, कारण तिच्यामुळे बाकीचे निर्णय बिघडतात. भव्यता आणायची म्हणून लेखक राक्षस वाढवतात, सैन्यं वाढवतात, नायिकेला एखादी नवी विद्या देतात, आणि पहिल्या भागात कष्टाने उभं केलेलं जग बघता बघता विरून जातं. तुमच्या हातात याहून चांगली गोष्ट आहे. मुलगी जागा सोडते तेव्हा तिच्याबरोबर काय येतं आणि काय मागे राहतं? रशियन लोकश्रद्धेकडे याचं फार नेमकं उत्तर आहे. तुमचा अख्खा दुसरा भाग त्यावर उभा राहू शकतो.

ही सगळी मंडळी जागेला बांधलेली असतात. दोमोवोय घराचा, त्यातही चुलीचा. द्वोरोवोय अंगण-गोठ्याचा. बान्निक न्हाणीघराचा, ओविन्निक धान्य शेकून वाळवायच्या खोपटाचा. लेशी रानाचा, वोद्यानोय डोहाचा, पोलुद्नित्सा भर दुपारच्या शेताची. लेशीची उंचीसुद्धा जागा ठरवते: दाट रानात तो झाडांएवढा असतो, रानाच्या कडेला आला की गवताएवढा होतो. कोकण-गोव्याच्या वाचकाला इथे आपला राखणदार आठवेल. आठवू द्या, पण मजकुरात दोमोवोयला राखणदार म्हणू नका. राखणदार वेशीवर, पाणंदीला, देवराईत भेटतो. दोमोवोय तुमच्या अंथरुणाशी असतो, रात्री छातीवर बसतो, त्याचा केसाळ उबदार हात लागला तर बरकत आणि गार हात लागला तर संकट. आवडत्या रंगाच्या घोड्याची आयाळ तो विंचरून वेण्या घालतो आणि नावडत्या घोड्याला रात्रभर छळतो. त्याचं नाव घेत नाहीत. ‘आजोबा’ किंवा ‘धनी’ म्हणतात.

आता तुमची मुलगी मॉस्कोला पोचली की काय होईल ते पाहा. तिथल्या रानाचा लेशी तिला ओळखत नाही. ज्या घरात ती उतरते तिथला दोमोवोय तिला परकी समजतो. पहिल्या भागात जे तिचं बळ होतं, ते दुसऱ्या भागाच्या पहिल्याच रात्री संपलेलं असतं. तिला दिसतं सगळं, पण कोणी तिचं ऐकत नाही. यापेक्षा मोठी अडचण तुम्ही राक्षस आणून निर्माण करू शकणार नाही. शिवाय ‘मागील भागात काय घडलं’ हे सांगायला वेगळं प्रकरण लागत नाही; काय हरवलं ते दाखवताना काय होतं ते आपोआप कळतं.

दोमोवोयला नव्या घरी न्यायचा विधी मात्र आहे, आणि तो तपशिलाने नोंदलेला आहे. घर बदलायच्या दिवशी घरातली सगळ्यात म्हातारी बाई जुन्या घरातली चूल शेवटची पेटवते. लाकडं जळून निखारे झाले की ते चुलीतल्या कोनाड्यात ओढते आणि दुपार होईपर्यंत थांबते. मग निखारे एका स्वच्छ मडक्यात भरते, त्यावर पांढरं फडकं झाकते, दार सताड उघडते आणि म्हणते, ‘या आजोबा, आमच्या नव्या घरी या.’ मडकं घेऊन ती नव्या घरी जाते. तिथे घरधनी आणि घरधनीण पाव आणि मीठ घेऊन दारात उभे असतात. म्हातारी दाराच्या चौकटीवर थाप मारून विचारते, पाहुण्यांचं स्वागत आहे ना? ते वाकून हो म्हणतात. मगच निखारे नव्या चुलीत जातात. रिकामं मडकं फोडून रात्री घराच्या दर्शनी कोपऱ्याखाली पुरतात.

हा प्रसंग तुम्ही नुसता शोभेसाठी घालू नका. त्यात किती गोष्टी अडू शकतात बघा. निखारे नेणारी म्हातारी वाटेत मेली तर? मुलगी पळून आली असेल, तिला दुपारपर्यंत थांबायला वेळच नसेल तर? आणि मॉस्कोत तिच्यासाठी दारात पाव-मीठ घेऊन कोण उभं राहणार? गावाहून मॉस्कोपर्यंतच्या प्रवासात रोज रात्री मुक्कामाच्या चुलीवर ते निखारे जिवंत ठेवायचे, एवढ्या एका कामावर प्रवासाची तीन प्रकरणं तणावात ठेवता येतील.

इथेच इतिहास तुमच्या मदतीला येतो. 1365 च्या कोरड्या उन्हाळ्यात मॉस्कोला मोठी आग लागली आणि लाकडाचं ते शहर, तटबंदीसकट, काही तासांत जळून गेलं. ही आग सर्वसंतांच्या चर्चपासून सुरू झाली म्हणून इतिवृत्तांत ती त्याच नावाने ओळखली जाते. त्यानंतर तरुण राजा दिमित्रीने 1367 पासून पांढऱ्या चुनखडीच्या दगडाचं क्रेमलिन बांधायला घेतलं. आता माझी सूचना ऐका: निखारे नेण्याचा विधी निवांतपणे घर बदलणाऱ्यांसाठी आहे. जळत्या घरातून जीव घेऊन पळणाऱ्याने तो केला नसणार. मग त्या सगळ्या चुलींच्या धन्यांचं काय झालं? तुमची मुलगी बारा वर्षांनी त्या शहरात येते तेव्हा नव्या लाकडी घरांमधून, पांढऱ्या तटाच्या सावलीत, कितीतरी बेवारस आजोबा फिरत असतील आणि ते फक्त तिलाच दिसत असतील. लोकांनी नवी घरं बांधली, पण आजोबांना बोलावलंच नाही. शहरात लोकश्रद्धा कशी आणायची, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे. बाहेरून काही आणायला नको. शहराच्या जखमेतूनच ती निघते.

एक इशारा मात्र द्यायला हवा. हे विधी, या कथा कागदावर आल्या त्या मुख्यतः एकोणिसाव्या शतकात. अफानास्येव यांचा कथासंग्रह 1855 ते 1863 या काळात निघाला. बिलिना, म्हणजे वीरगीतं, ओनेगा सरोवराच्या परिसरातल्या शेतकऱ्यांच्या तोंडून रिब्निकोव आणि गिल्फेर्दिंग यांनी 1860 आणि 1870 च्या दशकांत उतरवून घेतली. म्हणजे चौदाव्या शतकापासून पाचशे वर्षांचं अंतर. कादंबरीकार म्हणून तुम्हाला ते ओलांडायचा अधिकार आहे, पण चाळणी लावून. चूल, न्हाणी, गोठा, निखारे, पाव-मीठ हे मागे नेता येतं. बटाटा, समोवार, चहा आणि एकात एक बसणाऱ्या लाकडी बाहुल्या नेता येत नाहीत. त्या बाहुल्या तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या. बटाट्याच्या जागी सलगम ठेवा, चहाच्या जागी क्वास, म्हणजे पाव आंबवून केलेलं पेय, किंवा मधाची दारू. क्रेमलिनच्या लाल भिंती आणि रंगीत घुमटांचं ते प्रसिद्ध चर्च तुमच्या कथेच्या खूप नंतरचं, अनुक्रमे पंधराव्या शतकाची अखेर आणि सोळाव्याचा मध्य. आणि घराला धुराडं देऊ नका. साध्या घरातल्या चुलीचा धूर खोलीतच भरे आणि छताखालून, दारातून बाहेर जाई. वरचे ओंडके काजळीने काळे कुळकुळीत असत. तुमच्या पहिल्या भागात मुलगी चुलीच्या वरच्या ओट्यावर झोपून ‘स्वच्छ हवेत’ जागी होते, ते पुढच्या आवृत्तीत बदला.

त्याहून मोठी गल्लत देवांची होते. इतिवृत्तानुसार कीवचा राजा व्लादिमीर याने 980 साली तिथल्या टेकडीवर पेरून, खोर्स, दाझ्बोग, स्त्रिबोग, सिमार्ग्ल आणि मोकोश यांच्या मूर्ती उभारल्या, आणि 988 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्याच पेरूनला घोड्याच्या शेपटीला बांधून, काठ्यांनी बडवत, नीपर नदीत लोटलं. तुमची कथा घडते त्यानंतर जवळपास चारशे वर्षांनी. रानात पेरूनचे गुप्त पुजारी आणि त्यांच्या मागावर असलेले क्रूर पाद्री, हा साचा कृपा करून टाळा. तेव्हाचा गावचा पाद्री स्वतःही बान्निकला घाबरत असणार. संत येगोरीच्या दिवशी, एप्रिलच्या अखेरीस, गुरं पहिल्यांदा चरायला सोडत तेव्हा ती हाकायला चर्चमध्ये आशीर्वाद मिळालेली विलोची डहाळी वापरत. तिथे धर्म आणि लोकश्रद्धा एकाच हातात होत्या. तुमच्या मुलीच्या डोक्यातही त्या एकत्रच असू द्या. ती क्रूसाची खूण करेल आणि न्हाणीतून निघताना बान्निकसाठी गरम पाणी आणि डहाळ्यांची जुडीही ठेवेल, आणि यात काही विसंगत आहे असं तिला क्षणभरही वाटणार नाही. दोन श्रद्धांचा संघर्ष तिच्या मनात घातलात तर ती आजची मुलगी होईल.

हे मन पकडायला बर्चच्या सालीवरची पत्रं वाचा. 1951 पासून नोव्हगोरोद या जुन्या रशियन शहराच्या चिखलात अशी अकराशेहून अधिक पत्रं सापडली आहेत. तेराव्या शतकाच्या मध्यावरचा ओन्फिम नावाचा एक मुलगा, सहा-सात वर्षांचा असावा, सालीवर अक्षरं गिरवता गिरवता चित्रं काढतो. एका चित्रात तो घोड्यावर बसून शत्रूला भाल्याने भोसकतोय. दुसऱ्यात लांब मानेचा, गुंडाळलेल्या शेपटीचा एक प्राणी आहे आणि शेजारी लिहिलंय: मी जनावर आहे. तुमच्या कादंबरीत एखादं लहान भावंड असेल तर त्याला अभ्यास करताना असंच दाखवा. अद्भुताला यापेक्षा चांगला साक्षीदार सापडायचा नाही. त्याच नोव्हगोरोदमधलं, अकराव्या शतकाच्या अखेरीचं एका बाईचं पत्र आहे. मी तीनदा निरोप धाडला, माझ्यावर असा कसला राग धरलास की या आठवड्यात आला नाहीस, असं ती एका पुरुषाला विचारते. ही बाई कोणाच्या परवानगीने बोलत नाहीये.

त्यावरून तुमच्या पुरुषवेशाच्या प्रश्नाकडे येते. तुम्ही मसुद्याच्या आराखड्यात लिहिलंय की ‘मॉस्कोत बायका तेरेममध्ये कोंडलेल्या असतात म्हणून तिला मुलगा व्हावं लागतं.’ उच्चकुलीन बायकांना वरच्या मजल्यावरच्या दालनांत बंदिस्त ठेवण्याची जी कडक रीत आपण वाचतो, तिचे भक्कम पुरावे सोळाव्या-सतराव्या शतकांतले आहेत. चौदाव्या शतकातल्या बायका कर्जं देत, खटले चालवत, जमिनी राखत. दिमित्रीची राणी येव्दोकिया हिने पुढे क्रेमलिनमध्ये स्वतः मठ स्थापला. तेव्हा नुसतं मॉस्कोत राहायला मुलीला वेष बदलावा लागणार नाही. राजाच्या घोडदळात, त्याच्या सोबत्यांत शिरायचं असेल तर लागेल. कारण तेवढंच ठेवा, म्हणजे ते खरं वाटेल.

आणि वेषांतराला त्या परंपरेतच जागा आहे. स्ताव्ह्र नावाच्या सरदाराच्या बायकोची बिलिना आहे. स्ताव्ह्र मेजवानीत बायकोची फुशारकी मारतो आणि राजा व्लादिमीर त्याला तळघरात कोंडतो. वासिलिसा मिकुलिश्ना वेण्या कापते, परदेशी वकिलाचा वेष करते आणि दरबारात येऊन थेट राजकन्येलाच मागणी घालते. राजाला काही कळत नाही. राजकन्या मात्र लगेच ओळखते: चाल बदकासारखी आहे, बाकावर बसताना गुडघे जुळवून बसते, बोटांवर अंगठ्यांचे वळ दिसतात. मग राजा परीक्षा घेतो. कुस्ती होते, धनुष्यबाण होतो, तिथे ती सगळ्यांना लोळवते. न्हाणीत नेतो, तर राजा कपडे काढून आत पोचेपर्यंत ही आंघोळ आटपून बाहेर!

तुमच्यासाठी यात दोन गोष्टी आहेत. ओळखणारी व्यक्ती बाई असावी; पुरुषांना तलवार दिसते, बायकांना अंगठीचे वळ दिसतात. येव्दोकियाच ते पहिल्या भेटीत ओळखते आणि गप्प बसते, असं केलंत तर तिच्या गप्प बसण्याची किंमत पुढे वसूल करता येईल. दुसरी गोष्ट न्हाणी. सैनिकांमध्ये राहणाऱ्या मुलीचं खरं संकट लढाईत येणार नाही, ते शनिवारी येईल, जेव्हा सगळे मिळून वाफेच्या न्हाणीत जातात. प्रथेने शेवटची पाळी, मध्यरात्रीनंतरची, बान्निकची असते; त्या वेळी माणूस आत गेला तर तो गुदमरवून मारतो, कढतं पाणी ओततो. तुमच्या मुलीला तीच वेळ निवडावी लागेल. परक्या शहरातला, तिला न ओळखणारा बान्निक, अंधार, वाफ, आणि तिच्याकडे देण्यासारखं काय आहे? हे प्रकरण मला वाचायला फार आवडेल.

आता इतिहास किती घ्यायचा. माझं मत स्पष्ट आहे: थोडा घ्या, पण जिथे इतिवृत्तकाराने स्वतःच दार किलकिलं ठेवलंय तिथला घ्या. असं एक दार तुमच्या नेमक्या काळात आहे.

वासिली वेल्यामिनोव हा मॉस्कोचा ‘तिस्यात्स्की’, म्हणजे नगरसेनेचा आणि शहराच्या कारभाराचा प्रमुख. तो 1374 मध्ये वारला आणि दिमित्रीने ते पदच बंद करून टाकलं. वारसाहक्काने ते आपल्याला मिळेल, असं मानून बसलेला त्याचा मुलगा इव्हान 1375 मध्ये पळून मॉस्कोच्या वैऱ्याकडे, त्वेरच्या राजाकडे गेला आणि तिथून ओर्दात, मंगोल-तातार सत्तेच्या छावणीत, तिथला बलाढ्य सेनापती ममाय याच्याकडे. 11 ऑगस्ट 1378 रोजी वोझा नदीवर दिमित्रीने ममायचं सैन्य हरवलं. त्या मोहिमेत एक पाद्री पकडला गेला. तो ओर्दातून, इव्हानच्या बाजूने आलेला होता आणि त्याच्याजवळ एक पोतं सापडलं: जालीम, विषारी औषधींनी भरलेलं. त्याची चौकशी झाली आणि त्याला दूर उत्तरेला लाचे सरोवरावर हद्दपार केलं.

इतिवृत्त एवढंच सांगतं. पोत्यात काय होतं, कोणासाठी होतं, हे कोणी लिहिलेलं नाही. आणि तुमच्याकडे रानात वाढलेली, मुळ्या-पाल्याचा वास ओळखणारी एक मुलगी आहे, जी त्या वेळी सैन्याबरोबर असू शकते! पोतं उघडून ‘हे काय आहे’ म्हणून विचारायला सैनिक कोणाला बोलावतील? ओळखलं तर प्रश्न येणार, तुला हे कसं माहीत. ओळखलं नाही असं दाखवलं तर त्यातलं काहीतरी राजाच्या पेल्यात जाऊ शकतं. दुसऱ्या भागाचा कणा मला इथे दिसतो. राक्षसांची फौज लागत नाही, एक पोतं पुरतं.

पुढे 1379 मध्ये इव्हानला फसवून बोलावलं, सेर्पुखोवला पकडलं, आणि 30 ऑगस्टला मॉस्कोत कुच्कोवो मैदानावर सगळ्यांदेखत त्याचं शीर उडवलं. इतिवृत्तकार लिहितो की गर्दी मोठी होती आणि पुष्कळ लोक त्याच्या कुळासाठी, त्याच्या थोरपणासाठी रडले. द्रोह्यासाठी रडणारी गर्दी, हे किती बोलकं आहे. त्याचाच भाऊ मिकुला पुढच्या वर्षी कुलिकोवोवर दिमित्रीच्या बाजूने लढताना मेला, आणि या मिकुलाची बायको येव्दोकियाची बहीण होती. म्हणजे राणीच्या घरातच हा तडा गेलेला आहे. माझ्या मते दुसरा भाग 1377 च्या हिवाळ्यापासून या शिरच्छेदापर्यंत ठेवावा. मध्ये फेब्रुवारी 1378 मध्ये महाधर्मगुरू अलेक्सेय वारतात, दिमित्रीच्या लहानपणापासून राज्याला धरून ठेवणारा हात जातो, तेही वापरा. दिमित्री तेव्हा सत्ताविशीत आहे. त्याला ‘दोन्स्कोय’ म्हणू नका, ती उपाधी कुलिकोवोच्या लढाईनंतरची.

खलनायकाबद्दल तुमच्या मनात कोश्चेय आहे, असं दिसतं. ज्याचा मृत्यू सुईत, सुई अंड्यात, अंडं बदकात, बदक सशात, ससा पेटीत आणि पेटी बुयान बेटावरच्या ओक वृक्षाखाली. पोपटात जीव ठेवणारा राक्षस ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हा लगेच आपलासा वाटेल. लोककथांच्या अभ्यासात दोन्ही एकाच कुळातले मानतात. घ्या, पण त्याला तातार करू नका. ओर्दाला सैतानांची टोळी म्हणून रंगवणं इतिहासालाही धरून नाही. रशियन राजे एकमेकांविरुद्ध ओर्दाची सनद, यार्लिक, मिळवण्यासाठी रांगा लावत. ममाय चंगीझखानाच्या वंशातला नव्हता, म्हणून स्वतः खान होऊ शकत नव्हता आणि बाहुलीसारखे खान गादीवर बसवत होता. मृत्यू कुठेतरी दूर लपवून ठेवणारा माणूस, हे रूपक मॉस्कोच्या दरबारातल्या एखाद्यालाही छान बसेल. बाबा यागालाही ठरावीक दुष्ट चेटकीण करू नका. कथांमध्ये ती खातेही आणि वाटही दाखवते. लोककथांचे अभ्यासक प्रॉप यांनी तिला नायकाला दान देणाऱ्यांत गणलं आहे. तिच्या घरी नीट वागलेल्या मुलीला कवटीतला विस्तव मिळतो, आणि तोच विस्तव तिच्या दुष्ट सावत्र आईला जाळून टाकतो.

भाषेबद्दल थोडंच. ‘महाराज’, ‘प्रधानजी’, ‘मुजरा’ आले की वाचक थेट रायगडावर पोचतो. साधी बोली मराठी ठेवा. पात्रांची लाडकी नावं प्रत्येकी एकच ठेवा आणि ती फक्त जवळच्यांच्या तोंडी घाला. तीन-तीन लघुरूपांत मराठी वाचक हरवतो. कालगणना त्यांचीच वापरली तर रंग चढेल: वर्ष मार्चमध्ये सुरू होतं आणि सृष्टीच्या आरंभापासून मोजतात, म्हणून 1378 हे त्यांचं 6886. आणि मनाचा सूर सापडत नसेल तर अफानासी निकितिनचं प्रवासवर्णन वाचा. त्वेरचा हा व्यापारी पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात चौलला उतरला आणि जुन्नरला पावसाळाभर राहिला. तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदल म्हणून दडपण आणलं. एका खुरासानी माणसाच्या मध्यस्थीने तो सुटला. पण त्याला सगळ्यात जास्त कशाने व्याकूळ केलं असेल, तर पोथ्या लुटल्या गेल्यामुळे ईस्टर कधी आहे तेच कळेना, उपास अंदाजाने धरावे लागले. देशांतर केलेल्या रशियन माणसाचं दुःख कसं असतं, ते आपल्याच दख्खनमधल्या दिवसांबद्दल त्याने लिहिलंय. तुमच्या मुलीला मॉस्कोत कसं वाटेल हे तिथून शिका.

शेवटी, तिसऱ्या भागासाठी काय राखून ठेवायचं. कुलिकोवोच्या आदल्या रात्रीची एक कथा नंतरच्या आख्यानात आहे: राजाचा सेनानी दिमित्री वोलिनेत्स, ज्याला बोब्रोक म्हणत, जमिनीला कान लावून ऐकतो आणि त्याला दोन बायका रडताना ऐकू येतात, एक तातार भाषेत आणि एक रशियन. ही जागा दुसऱ्या भागात अजिबात खर्च करू नका. पण तिसरा भाग 8 सप्टेंबर 1380 च्या विजयावर संपवायचा बेत असेल तर पुन्हा विचार करा. दोनच वर्षांनी, ऑगस्ट 1382 मध्ये, ओर्दाचा खान तोख्तामिश याने मॉस्को घेतलं आणि शहर पुन्हा जळलं. तुमच्या कथेतल्या आजोबांसाठी ती दुसरी आग आहे, आणि या वेळी निखारे कसे न्यायचे हे माहीत असलेली एक मुलगी शहरात असेल. तो शेवट हवा असेल तर तयारी आताच करावी लागेल. तटाबाहेरच्या वस्तीतलं एखादं घर निवडा, मोठ्या कुळातलं नको, लोहाराचं किंवा कातडं कमावणाऱ्याचं. मुलगी तिथे येत-जात राहू दे, तिथली भांडणं, उपासाचे दिवस, चुलीची बाजू, घोड्याचा रंग वाचकाला पाठ होऊ दे. प्रकाशकांनी ही पानं कापायला सांगितली तर कापू नका.